आज पाणी राहिलंच

३ डिसेंबर, बुधवार

बेंगळुरूची गाडी आज वेळेवर आली. एरवी कधी येत नाही, आणि आज आली तर काचीगुडा स्टेशनवर हे नाहीत! फलाटावर बॅग घेऊन उभी राहिले, फोन केला तर उचलला नाही. शेवटी रिक्षा केली. सगळी नोकरी रेल्वेत काढलेला माणूस, कुठल्या गाडीला कुठे क्रॉसिंग पडतं ते झोपेत सांगेल, आणि बायकोची गाडी विसरला. दार उघडून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं जयवंता, तू उद्या येणार होतीस ना?"

बॅग टाकली आणि आधी मागच्या बाल्कनीत गेले. शिवानीकडे, म्हणजे लेकीकडे, आठवडाभर राहिले तरी जीव इथं टांगलेला. जाताना ह्यांना एकच काम सांगितलं होतं. झाडांना सांगितल्या दिवशी सकाळी पाणी. बस्स. तर माझ्या पांढऱ्या फॅलची पानं शिळ्या पोळीसारखी लोंबत होती. फॅलेनॉप्सिस हे त्या ऑर्किडचं पूर्ण नाव, ते ह्यांना कधी उच्चारता आलं नाही, म्हणून घरात सगळे फॅलच म्हणतो. दोन वर्षांनी फुलांचा दांडा आला होता, दांड्यावर कळ्या धरल्या होत्या, अठ्ठावीस तारखेला ऑर्किड मंडळाच्या मेळाव्यात मांडायचं ठरवून ठेवलं होतं.

"पाणी घातलं नाही ना तुम्ही?"

"घातलं गं."

"मग हे काय?"

मी कुंडीत बोट घातलं. वरचं मॉस, म्हणजे शेवाळ, ओलं लागलं हाताला. म्हणजे माझा आवाज ऐकून घाईघाईनं आत्ताच घातलं असणार. शाळेत पोरं अशीच करायची, मला वर्गात येताना बघून वही उघडायची.

६ डिसेंबर, शनिवार

बुद्धभूषणचा फोन. हा आमच्या मंडळातला सगळ्यात उत्साही गडी, कुकटपल्लीला राहतो, दिवसभर कॉम्प्युटर आणि उरलेला वेळ ऑर्किड. आज सहा डिसेंबर, सकाळीच घरच्यांबरोबर टँकबंडला बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आला होता, तिथूनच बोलत होता. "काकू, मेळावा या वर्षी माझ्या गच्चीवर. आणि कुंडी उलटी करायची पाळी तुमची, विसरू नका."

विसरते कशी! आमच्या ऑर्किड मंडळाची ही एकच रीत मला खरी आवडते. वर्षअखेरीला सगळे आपापलं फुललेलं झाड मिरवतात, पण एकानं सगळ्यांसमोर आपली एक कुंडी उलटी करून मुळं दाखवायची. मुळापाशी काही लपत नाही. बोलायचं, शिकवायचं, शिव्या खायच्या, मग जेवायचं. मी माझं जांभळं डेंड्रोबियम उलटं करणार. त्याची मुळं बघून लोकांनी तोंडात बोट घातलं पाहिजे.

ह्यांना कोठीच्या बाजारात पाठवलं होतं, लाकडी कोळसा आणायला. ऑर्किडला माती चालत नाही, कोळसा आणि नारळाच्या सालीचे तुकडे लागतात. सकाळी गेलेले, जेवायची वेळ टळून गेल्यावर आले, हातात पिशवीभर पेरू. कोळसा कुठाय? तर म्हणाले, "पेरू चांगले होते." मी कपाळावर हात मारला. पेरू खरंच चांगले होते, पण ते मी काही बोलून दाखवलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

पानं आणखी मऊ पडली. आता पाण्याचं काम मी समोर उभी राहून करून घेते. "घाला. माझ्यासमोर घाला." घातलं. ह्यांचा चेहरा असा झाला होता की मलाच थोडं वाईट वाटलं, पण लाड करून भागत नाही.

खरं म्हणजे अशा वेळी मुळं बघायला हवीत. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. पण कळ्या असताना कुंडीला हात लावायचा नाही हा माझाच नियम, कार्यशाळेत मीच फळ्यावर लिहिते. हात लावला की कळ्या गळतात. आणि इथं बघण्यासारखं आहे तरी काय? कारण माझ्यासमोर लुंगी नेसून पेपर वाचत बसलंय.

मंडळाच्या अध्यक्ष पद्मजा गारूंशी, म्हणजे पद्मजाबाईंशी, पुढच्या कार्यक्रमांचं बोलणं झालं. जानेवारीअखेर रोपांची अदलाबदल, फेब्रुवारीत कुंड्या बदलण्याची कार्यशाळा (मीच घेणार, आणखी कोण), आणि पावसाळ्यात झाडांवर वाढलेली रानातली ऑर्किडं बघायला सहल. सहलीला ह्यांना न्यायचं की नाही ते बघू. मागच्या सहलीत बसमध्ये गाणी म्हणून सगळ्यांना वेड लावलं होतं.

१७ डिसेंबर, बुधवार

पहिली कळी पिवळी पडून गळली. संध्याकाळी दुसरी.

भांडले. अगदी शेजारच्यांना ऐकू जाईल असं भांडले. "एक काम! आयुष्यात एक काम सांगितलं तुम्हाला!" हे म्हणत राहिले, "घातलं होतं जयवंता, रोज घालतो." मी म्हटलं, "खोटं बोलू नका, या वयात शोभत नाही." मग उठून बाल्कनीत गेले आणि झारीचा आवाज आला. मला वाटलं, आता दाखवायला घालतायत.

शिवानीचा फोन. म्हणते, "आई, बाबा ठीक आहेत ना? आज तीनदा फोन केला मला, आणि तीनही वेळा तेच, पिंट्याची परीक्षा कशी झाली." मी म्हटलं, रिकामा माणूस आहे, करमत नाही, नातवासाठी करू दे फोन. ती म्हणाली, पण परीक्षा ऑक्टोबरात झाली. मी म्हटलं, तुझ्या बाबांना पोरांच्या परीक्षा कधी तुझ्या लहानपणी तरी लक्षात होत्या का? हसली. हसली का गप्प झाली, नीट कळलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

सगळ्या कळ्या गेल्या. नुसता दांडा उरलाय. रडले थोडी, खोटं कशाला लिहू. हे शेजारी येऊन बसले आणि पाठीवर हात ठेवला, मी तो बाजूला केला.

पण मग एक कल्पना सुचली. डेंड्रोबियम नको, हेच उलटं करायचं! आता कळ्याच नाहीत तर नियमही नाही. तहानेनं झाड कसं मरतं ते दाखवायचं. मुळं वाळून कागदासारखी झाली असणार, नव्या सभासदांना चांगला धडा होईल. शाळा सुटली तरी शिकवायची खोड जात नाही माझी.

बरोबर धपाटे आणि लसणाची चटणी न्यायची. पद्मजा गारू पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणणार, कुणीतरी नाताळचा केक. ह्यांनी दुपारी विचारलं, "मेळावा कधी आहे?" सांगितलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, तुमचं लक्ष असतं कुठे?

२८ डिसेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, तेव्हा लिहिते.

बुद्धभूषणनं गच्ची छान सजवली होती. हिरव्या जाळीखाली लांब टेबल, त्यावर सगळ्यांची फुललेली झाडं, मुलांसाठी कागदी चांदण्या टांगलेल्या. त्याच्याकडची वँडा तर बघत राहावी अशी. वँडा म्हणजे कुंडीच नसलेलं ऑर्किड, लाकडाच्या टोपलीत टांगायचं, मुळं नुसती हवेत लोंबतात, माणसाच्या हातभर. हे तिच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि मुळांना बोट लावून म्हणाले, "हिला माती नाही, काही नाही. कुठलं पाणी पिते ही?" बुद्धभूषणनं समजावून सांगितलं. थोड्या वेळानं ह्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्यानं पुन्हा तेवढ्याच नीट सांगितलं. मी लांबून बघत होते. मला वाटलं, चला, निदान ऑर्किडमध्ये रस तरी घेतायत.

मग माझी पाळी. पांढऱ्या फॅलची कुंडी टेबलावर ठेवली आणि सुरू झाले. बोलायला मी कमी नाही. म्हटलं, "आज मी तुम्हाला ऑर्किडचा सगळ्यात मोठा शत्रू दाखवणार आहे. गोगलगाय नव्हे, बुरशी नव्हे. नवरा!" सगळे खदखदून हसले. मला चेव आला. "आठवडाभर बाहेर गेले. एकच काम सांगितलं, पाणी घाला. रेल्वेतून रिटायर झालेत, पण पाणी अजून लेटच चाललंय." पद्मजा गारू म्हणाल्या, "अय्यो जयवंता गारू, बेचारे को छोड दो." आणखी हशा. हे शेवटच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर धपाट्याची प्लेट. हेही हसले. सगळ्यांकडे बघत, सगळे हसतायत म्हणून.

"बघा आता, पाण्यावाचून मुळं कशी वाळतात ते," म्हटलं आणि कुंडी उलटी केली.

वाळलेलं काहीच नव्हतं. काळा, ओला लगदा टेबलावर पडला. पाणी ठिबकलं. कुजका वास सुटला तो पार मागच्या रांगेपर्यंत. एकही मूळ धड नव्हतं, बोट लावलं की साल निसटून आतली नुसती शीर हातात येत होती.

तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते काय आहे हे माहीत होतं, कारण त्यांना ते मीच शिकवलंय. पाणी कमी पडलं तरी पानं सुकतात आणि पाणी जास्त झालं तरी पानं सुकतात, कारण मुळं कुजली की झाडाला पाणी पिताच येत नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आधी मुळं बघा, मग माणसाला बोला. हे मी दर फेब्रुवारीत सांगते.

शेवटच्या खुर्चीवरून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू, "मी घातलं होतं. ती म्हणाली घातलं नाही, म्हणून परत घालत होतो."

बुद्धभूषणनं चटकन फडकं आणून टेबल पुसलं आणि म्हणाला, "चला, चला, जेवून घेऊ, पुळिहोरा गार होतोय." चांगला मुलगा आहे. जेवताना सगळे पावसाळी सहलीबद्दल जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते. मी एक घास गिळला असेन.

घरी येताना कॅबमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. एरवी कुठली लाइन कुठे जाते ते सांगत बसतात. मलाही माफी मागायला तोंड उघडता आलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

आज काही कामच केलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाल्कनी दिसते, तिथं उभी राहिले.

सकाळी चहा झाल्यावर ह्यांनी झारी भरली आणि प्रत्येक कुंडीला पाणी घातलं, नीट, बुडाशी, मी शिकवलं तसं. झारी जागेवर ठेवली. येऊन पेपर उघडला. दोन पानं वाचली असतील. मग एकदम चेहरा दचकल्यासारखा झाला, उठले, म्हणाले, "अरे, आज पाणी राहिलंच." आणि पुन्हा झारी भरली. पुन्हा प्रत्येक कुंडीला.

जेवणाआधी पुन्हा. दुपारी उठल्यावर पुन्हा. दर वेळी तसेच दचकून, तसेच घाईघाईनं, आणि घालताना दर वेळी एकदा माझ्याकडे चोरून बघून, ओरडते की काय म्हणून.

मी पदर तोंडात कोंबून उभी होते. स्टेशनवर न येणं, कोळशाऐवजी पेरू, पिंट्याची परीक्षा. सगळं समोर होतं की गं बाई. पोरीला दिसलं, कालच्या गच्चीवर त्या परक्या मुलाला दिसलं. मी मात्र शाळेतल्यासारखी छडी घेऊन उभी. खोटं बोलू नका म्हटलं मी. हा माणूस जन्मात माझ्याशी खोटं बोलला नाही.

डेंड्रोबियम उपटून बघितलं. तेही काळं पडायला लागलंय. लागू दे.

२ जानेवारी, शुक्रवार

कोठीला डॉक्टरांकडे जाऊन आलो. शिवानी आलीय, तिनंच ठरवलं. डॉक्टर बाई शांत होत्या. ह्यांना तारीख विचारली, वार विचारला. हे हसले आणि म्हणाले, "वार कुठलाही असो, अजंठा एक्सप्रेस रोज सुटते." शिवानी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

औषधं दिलीत. बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. नव्या गोष्टी टिकायच्या नाहीत म्हणाल्या. मनाला फार लागलेलं असेल तेवढं कधी कधी टिकतं. आणि रागावू नका, घाबरवू नका. मी मान हलवली. महिनाभर आधी म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तेव्हा आम्ही गेलो कुठे होतो?

९ जानेवारी, शुक्रवार

आज धीर केला. चहा दिला, समोर बसले आणि सांगितलं. "अहो, पांढरं फॅल तुमच्यामुळे गेलं नाही. तुम्ही पाणी घालत होता. चूक माझी झाली. मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

हे म्हणाले, "कुठलं फॅल?"

मग मी रडले आणि ह्यांनी माझे डोळे पुसले. विसरलेत. देवा, निदान एवढं तरी बरं केलंस. माझं ते बोलणं ह्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं असेल तर या आजाराला मी एक नमस्कार घालायला तयार आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. आभाळ पतंगांनी भरलं होतं, हे गच्चीवर जाऊन शेजारच्या पोरांना ओरडून ढील द्यायला सांगत होते, आवाज पूर्वीसारखा. ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, पण पुढचं वाक्य मला म्हणवेना. हेच म्हणाले.

बुद्धभूषण तिळगुळाला आला होता. बाल्कनीतली अवस्था त्यानं बघितली. निम्म्या कुंड्या कुजल्यात. मी झारी लपवून ठेवून पाहिली, एक दिवस. हे घरभर शोधत फिरले, कपाटं उघडली, पलंगाखाली वाकले, घामाघूम झाले. पुन्हा नाही लपवणार.

सगळं सांगितलं त्याला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, कुंड्या काढून टाका. वँडा लावा. तिला कुंडीच नाही तर पाणी साठेल कुठं? दिवसातून चारदा घातलं तरी खाली गळून जातं. काका घालू देत की हवं तेवढं. फक्त अंधार पडल्यावर नको."

मी चाळीस वर्षं पोरांना वनस्पती शिकवल्या. मला हे सुचलं नाही. झाड बदलायचं सोडून माणूस बदलायला निघाले होते.

मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: अदलाबदलीला माझी उरलेली सगळी झाडं देते, मला फक्त वँडा हव्यात, रोगट असली तरी चालेल. कारण लिहिलं नाही. फेब्रुवारीची कार्यशाळा दुसऱ्या कुणी घ्यावी हेही लिहिलं. मुळांबद्दल बोलायचं तोंड राहिलेलं नाही मला.

२५ जानेवारी, रविवार

अदलाबदल बुद्धभूषणच्या गच्चीवर व्हायची होती. पण सकाळी दार वाजलं तर मंडळच दारात! पद्मजा गारू पुढे, हातात टोपली, टोपलीतून मुळं त्यांच्या साडीवर लोंबतायत. "जयवंता गारू, जरा हटो, हात दुखते." मागून बाकीचे. रोगट एकही नव्हती. बुद्धभूषणनं आपली ती बघत राहावी अशी आणलेली, मी नको म्हटलं तर ऐकेना.

पाठोपाठ बाल्कनीत गज ठोकले, टोपल्या टांगल्या. हे सगळ्यांना चहा हवा का विचारत होते, पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि सगळे पुन्हा पुन्हा "हौ" म्हणत होते. माझ्या कुंड्या खाली नेताना पद्मजा गारू म्हणाल्या, कार्यशाळा तुम्हीच घ्यायची, नक्को म्हणायचं नाही. बघू म्हटलं.

सगळं झाल्यावर मी आत धपाटे भाजत होते. खिडकी उघडी होती. बाल्कनीत हे आणि बुद्धभूषण दोघेच. हे झारीनं एकेका टोपलीला पाणी घालत होते, खाली सगळं गळत होतं, त्याच्या बुटांवर पडत होतं, तो हलला नाही.

मग ह्यांनी झारी खाली ठेवली आणि त्याच्या जवळ जाऊन, आवाज बारीक करून म्हणाले, "तू हिच्या मंडळातला का? तिथं मला नेऊ नका हां. माझ्यामुळे हिचं पांढरं झाड मेलं. मी पाणी घालायला विसरलो. सगळे हसले." मग म्हणाले, "आता नाही विसरत मी."

माझा धपाटा करपला.

कुठलं फॅल, म्हणाले होते. मी सांगितलेलं सगळं गेलं. ते तेवढं राहिलं.

गॅस बंद करून बाहेर गेले. बुद्धभूषण बाजूला झाला. मी ह्यांचे दोन्ही हात धरले, ओले होते, आणि सगळं पुन्हा सांगितलं. झाड तुमच्यामुळे मेलं नाही. तुम्ही रोज पाणी घालत होता. चुकले मी.

"असं होय?" म्हणाले आणि इतकं मोकळं हसले, की मला वाटलं आता तरी पोचलं. मग वर टांगलेल्या टोपल्यांकडे बघितलं, चेहरा दचकला आणि झारीकडे हात गेला.

"अगं, आज पाणी राहिलंच."

"हौ," म्हटलं, "घाला की."

२ फेब्रुवारी, सोमवार

वँडांना नवी मुळं फुटतायत, टोकं हिरवी. सकाळी चहाच्या वेळी ह्यांना सांगितलं, पांढरं फॅल तुमच्यामुळे गेलं नाही. "असं होय?" म्हणाले.

उद्या सकाळी पुन्हा सांगायचं आहे.